हळद : आहारातील आणि औषधातील उपयोग

मिसळणाच्या डब्यात हळद नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. वरण, भाजी, पिठले, कढी, पोहे यांपैकी बहुतेक पदार्थांत ती चिमूट-चिमूट पडतच असते. बोट कापले, घसा धरला, पाय मुरगळला की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम हळदीचाच डबा मागतात. लग्नकार्यात हळदीचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. एवढी जुनी ओळख असल्यामुळेच या पदार्थाविषयी विचार करण्याचे कोणास फारसे सुचत नाही. आपण खातो ती हळद शुद्ध आहे काय, ती कोणत्या दुखण्यावर उपयोगी पडते आणि कोणत्या दुखण्यावर तिच्या भरवशावर राहिल्यास माणूस दगावण्याचा संभव असतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

हळद पिकविणाऱ्या गावांत आणखी एक विसंगती पुष्कळदा दिसून येते. शेतकरी आपली उत्तम हळकुंडे पोत्यांत भरून बाजारपेठेत पाठवितो आणि घरच्या स्वयंपाकासाठी आठवड्याच्या बाजारातून सुटी पूड विकत आणतो. आपल्या शेतातील शुद्ध माल दुसऱ्याच्या घरी जातो आणि आपल्या मुलाबाळांच्या ताटात मात्र कोठून आली हे ठाऊक नसलेली पूड पडते. ही स्थिती बदलणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी हळदीची जी माहिती शेतकरी कुटुंबास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस असावयास हवी, ती पुढे दिली आहे.

पिकाची ओळख

हळद ही आल्याच्या कुळातील कंदवर्गीय वनस्पती होय. जगातील हळदीच्या उत्पादनाचा फार मोठा भाग भारतात होतो व बहुतांश हळद देशातच खपते. महाराष्ट्रात सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड, परभणी, वाशीम, वर्धा इत्यादी जिल्ह्यांत हे पीक घेतले जाते. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये व हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळील हरिपूर येथे पूर्वी हळद पेवांत साठवीत असत. जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद व आत रुंद होत जाणारी ही पेवे बंद केली म्हणजे आतील प्राणवायू संपत जाई व किडीस जगणे अशक्य होई. त्यामुळे हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पुढे महापुराचा उपद्रव वाढला आणि गोदामे व शीतगृहे झाली, तसा पेवांचा वापर मागे पडला. तथापि हळद कोरडी व बंदिस्त ठेवावी हे त्यामागील तत्त्व आजही घरच्या डब्यास तितकेच लागू आहे.

हळदीत काय असते

वाळलेल्या हळदीचा निम्म्याहून अधिक भाग पिष्टमय पदार्थांचा असतो. तिचे वैशिष्ट्य मात्र दोन घटकांत आहे. पहिला घटक म्हणजे तिला वास देणारे उडणारे तेल. दुसरा घटक म्हणजे तिला पिवळा रंग देणारे कुरकुमीन. कुरकुमीनचे प्रमाण जात, जमीन व प्रक्रिया यांनुसार साधारणपणे शेकडा २ ते ६ असते. हे द्रव्य १८१५ मध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले व त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली.

कुरकुमीनचे चार गुणधर्म ध्यानात ठेवले म्हणजे स्वयंपाकातील व औषधातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पहिला गुणधर्म असा की, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, परंतु तेलातुपात विरघळते. फोडणीत घातलेल्या हळदीचा रंग सर्व पदार्थास सारखा चढतो याचे कारण हेच होय.

दुसरा गुणधर्म म्हणजे उजेडाने ते नाश पावते. हळदीने रंगलेले कापड उन्हात फिके पडते. त्याचप्रमाणे काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेल्या पुडीचा रंगही उतरतो.

तिसरा गुणधर्म म्हणजे चुना, साबण किंवा सोडा यांच्या संयोगाने त्याचा रंग लाल होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तो यामुळेच. हळदीवर टाकणखार व लिंबाचा रस यांची क्रिया करून कुंकू बनविण्याची जुनी पद्धतही हळदीच्या रंग पालटण्याच्या गुणावरच आधारलेली आहे.

चौथा गुणधर्म औषधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पोटात गेलेल्या कुरकुमीनचा फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो. मिऱ्यातील पिपरीन या द्रव्याबरोबर ते घेतल्यास हा अंश कित्येक पटींनी वाढतो, असे बंगळूर येथे झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. दुधात हळदीबरोबर मिरपूड व तूप घालण्याची जी घरगुती रीत आहे, तिला यामुळे काही आधार मिळतो. मात्र पिपरीनमुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते. सबब, नियमित औषधे घेणाऱ्यांनी असे मिश्रण रोज मोठ्या प्रमाणात घेऊ नये.

आहारातील उपयोग

हळद हा पोट भरण्याचा पदार्थ नव्हे. रंग, किंचित कडवट व मातकट चव आणि वास यांसाठी ती वापरतात. म्हणून तिचे प्रमाण अल्प असणेच योग्य. माणशी दररोज सुमारे २ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याचा अर्धा ते पाऊण भाग, एवढी हळद सर्व पदार्थांत मिळून पुरेशी होते. आंतरराष्ट्रीय अन्नतज्ज्ञांच्या समितीने शरीराच्या दर किलो वजनास ३ मिलिग्रॅमपर्यंत कुरकुमीन दररोज पोटात जाण्यास हरकत नाही असे ठरविले आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसास ही मर्यादा १५० मिलिग्रॅम होते व एवढे कुरकुमीन मध्यम प्रतीच्या सुमारे ५ ग्रॅम पुडीत असते. यावरून नेहमीच्या स्वयंपाकातील हळद मर्यादेच्या बरीच आत असते हे दिसून येईल.

फोडणी : तेल तापल्यावर प्रथम मोहरी, ती तडतडल्यावर जिरे व हिंग आणि सर्वांत शेवटी हळद घालावी. लगेच भाजी, कांदा किंवा पाणी घालावे. हळदीची पूड फार बारीक असल्याने कडकडीत तेलात काही क्षणांतच करपते. करपलेल्या हळदीने पदार्थास काळपट रंग व कडू चव येते. चूल प्रखर असल्यास कढई खाली उतरवून मग हळद घालणे चांगले.

वरण : तुरीची डाळ शिजावयास लावताना तीत हळद, हिंग व थोडे तेल घालावे. तेलामुळे डाळ उतू जाणे कमी होते व हळदीचा रंग डाळीत नीट मुरतो.

पालेभाज्या : हिरव्या पालेभाजीत हळद कमीच घालावी किंवा घालू नये. हिरव्या रंगात पिवळा रंग मिसळून भाजी काळसर दिसते.

मासे : कोकणात व गोव्यात मासे स्वच्छ करून त्यांस मीठ, हळद व कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस लावून काही वेळ ठेवतात. यामुळे माशाचा उग्र वास कमी होतो व चव मुरते. परंतु शिळा मासा हळदीने ताजा होत नाही. तो टाकूनच दिला पाहिजे.

मसाले : मेतकुटात हळद असते. कांदा-लसूण मसाला व मालवणी मसाला यांत पुष्कळ ठिकाणी अख्खे हळकुंड तेलात तळून, मग कुटून घालतात. तळताना आच मंद ठेवावी. हळकुंड फुलून हलके होते, तेव्हा ते सहज कुटले जाते.

ओल्या हळदीचे लोणचे : काढणीच्या दिवसांत घरी ताजी हळद भरपूर असते. त्या वेळी हे लोणचे अवश्य घालावे. पाव किलो ओली हळद व ५० ग्रॅम आले धुऊन, पुसून, साले काढून त्यांचे बारीक लांबट काप करावेत. त्यांत सुमारे ४० ग्रॅम मीठ, चार-पाच हिरव्या मिरच्यांचे तुकडे व काप बुडतील एवढा लिंबाचा रस घालावा. मोहरी व हिंगाची फोडणी पूर्ण थंड करून वर ओतावी. बरणी कोरडी असावी व चमचाही कोरडा वापरावा. लोणचे टिकते ते मुख्यतः मीठ, आंबटपणा व तेल यांमुळे. हळदीच्या भरवशावर मीठ कमी करू नये. आंबेहळद मिळाल्यास थोडी घालावी. तिला कच्च्या कैरीसारखा वास असतो. ती नेहमीच्या हळदीहून निराळी वनस्पती आहे.

हळदीची पाने : हळदीच्या पानांस मोठा मधुर सुवास असतो. कोकणात व गोव्यात श्रावणात, विशेषतः नागपंचमीस, पातोळ्या करतात. तांदळाचे पीठ पाण्यात सरसरीत कालवून पानावर पातळ पसरावे, त्यावर ओले खोबरे व गूळ यांचे सारण घालावे, पान लांबीत दुमडून मोदकपात्रात सुमारे पंधरा मिनिटे वाफवावे आणि खाताना पान सोलून काढावे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांतही १५ ऑगस्टच्या सणास हाच पदार्थ होतो. ज्या भागात हळदीची शेती होते, परंतु पानांचा असा उपयोग ठाऊक नाही, तेथील महिला मंडळांनी हा पदार्थ करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी प्रत्येक झाडाचे एखादेच कोवळे पान काढावे. अधिक पाने काढल्यास कंदाच्या वाढीस धक्का बसतो. नुकतेच औषध फवारलेल्या शेतातील पाने मुळीच वापरू नयेत.

औषधी उपयोग : जुने ज्ञान व नवे संशोधन

आयुर्वेदात हळदीस हरिद्रा, निशा, कांचनी अशी नावे आहेत. चरकसंहितेत कुष्ठघ्न म्हणजे त्वचाविकारांवरील व विषघ्न अशा दोन्ही गणांत हरिद्रेचा समावेश केलेला आहे. हे ज्ञान किती महत्त्वाचे आहे याचा प्रत्यय अलीकडे आला. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर हा आपला नवा शोध आहे, असे सांगून मिळविलेले एक पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठास देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने ग्रंथ व १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असे पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

या विजयाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हळदीचा हा उपयोग भारतात पूर्वीपासून ठाऊक होता एवढेच त्याने सिद्ध झाले. हळदीविषयी बोलले जाणारे सर्व काही खरे आहे असे त्याने सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत कुरकुमीन सूज कमी करते, काही जंतूंची वाढ रोखते असे आढळले आहे. परंतु माणसांवरील काटेकोर चाचण्यांत तेवढे यश आलेले नाही. याचे मोठे कारण म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे ते रक्तात फार थोडे पोहोचते. गुडघेदुखीवर काही लहान चाचण्यांत आराम पडल्याचे दिसले आहे, तरी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. कर्करोग हळदीने बरा होतो या म्हणण्यास तर कसलाही विश्वसनीय आधार नाही.

घरी करण्याजोगे उपाय

घसा धरणे व साधा खोकला : कपभर दुधात पाव चमचा हळद व चिमूटभर मिरपूड घालून चार-पाच मिनिटे उकळावे व रात्री कोमट प्यावे. कोमट पाण्यात मीठ व चिमूटभर हळद घालून गुळण्या कराव्यात. यांनी घशास आराम वाटतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, ताप येत असल्यास किंवा वजन घटत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोग हळदीच्या दुधाने बरा होत नाही, मात्र वेळीच निदान होऊन पूर्ण औषधोपचार झाल्यास तो बरा होतो.

मुरगळणे व मुका मार : पहिल्या दिवशी मुरगळलेल्या भागास विश्रांती व थंड पाण्याची पट्टी द्यावी. त्यानंतर हळद किंवा आंबेहळद उगाळून केलेला कोमट लेप लावण्यास हरकत नाही. लेप सोसवेल इतकाच गरम असावा. हाड मोडल्याचा संशय असल्यास, पायावर भार देता येत नसल्यास किंवा अवयव वाकडा दिसत असल्यास लेप लावीत बसू नये.

किरकोळ खरचटणे : प्रथम जखम साबण व स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. हाच मुख्य उपाय होय. त्यानंतर शुद्ध हळद अल्प प्रमाणात लावली तर चालेल. परंतु डब्यातील हळद जंतुरहित नसते हे विसरू नये. माती लागलेल्या किंवा लोखंडाने झालेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

उटणे : डाळीच्या पिठात किंचित हळद व दूध मिसळून अंगास लावण्याची रीत निर्दोष आहे. क्वचित काहींच्या त्वचेस हळदीने खाज सुटते. त्यांनी ती लावू नये.

जनावरांचा उपयोग : गाईम्हशींच्या कासदाहावर कोरफडीचा गर २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांचा लेप दिवसातून अनेक वेळा लावण्याची पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारात आणली आहे. कास पूर्ण पिळून, धुऊन मग लेप लावावा. जनावरास ताप असल्यास किंवा दुधात रक्त येत असल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

जेथे हळदीवर विसंबू नये

हा भाग ग्रामकार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा व बैठकांतून सांगावा. हळद सहसा स्वतः अपाय करीत नाही. ती लावून माणसे घरी थांबतात आणि त्यात जो वेळ जातो, तो अपाय करतो.

कुत्रे चावल्यास : जखमेवर हळद, चुना किंवा तिखट भरू नये. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी व त्याच दिवशी पिसाळरोगाची लस सुरू करावी. हा रोग एकदा प्रकट झाला म्हणजे जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो.

सर्पदंश झाल्यास : ग्रंथात हळद विषघ्न म्हटली आहे म्हणून सर्पविषावर तिचा प्रयोग करू नये. रोग्यास फार हालचाल करू न देता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. प्रतिविषाचे इंजेक्शन हाच त्यावरील उपाय होय.

नवजात बालकाची नाळ : कापलेल्या नाळेवर हळद, तेल, राख यांपैकी काहीही लावू नये. नाळ कोरडी व उघडी ठेवावी. सहा महिन्यांपर्यंत बालकास आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. म्हणजेच हळदीचे चाटणही देऊ नये. एक वर्षाच्या आतील मुलास मध मुळीच देऊ नये.

डोळे व भाजलेल्या जखमा : हळदीचे पाणी डोळ्यांत घालू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतावे, हळद किंवा तेल थापू नये. त्यामुळे जखम पाहणे व स्वच्छ करणे कठीण होते.

कावीळ : कावीळ झालेल्या माणसाची हळद बंद करण्याची चाल सर्वत्र आहे. डोळे पिवळे होतात ते रक्तातील पित्तरंजक द्रव्य वाढल्यामुळे होतात, खाल्लेल्या हळदीमुळे नव्हे. वरणातील हळदीने कावीळ वाढत नाही आणि बरीही होत नाही. मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्या किंवा मोठी मात्रा घेतल्याने काहींच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे अलीकडच्या वर्षांत इटली, अमेरिका इत्यादी देशांत नोंदली गेली आहेत. त्या गोळ्या कावीळ झालेल्याने कदापि घेऊ नयेत.

मधुमेह : हळद व आवळा यांचा योग आयुर्वेदात सांगितलेला आहे. तो वैद्याच्या सल्ल्याने घ्यावा, परंतु त्यासाठी चालू औषध बंद करू नये. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी आहारातील हळदीपेक्षा अधिक हळद डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. रक्तवाढीच्या गोळ्या हळदीच्या दुधाबरोबर घेऊ नयेत. दुधामुळे लोह अंगी लागत नाही.

भेसळ व तिची परीक्षा

हळदीतील सर्वांत घातक भेसळ म्हणजे लेड क्रोमेट हा पिवळाधमक रंग. त्यात शिसे असते. निस्तेज हळकुंडांस चकाकी आणण्यासाठी पॉलिश करताना तो लावला जातो. शिसे शरीरात साठत जाते, मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची इजा करते व गर्भवतीच्या पोटातील बालकापर्यंत पोहोचते. ही इजा डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच ती अधिक भयंकर होय. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील जवळजवळ निम्म्या नमुन्यांत हा रंग आढळला होता. सरकारने दंड, जप्ती व प्रचार यांचा अवलंब केल्यावर २०२१ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत तो आढळला नाही. मनावर घेतल्यास ही भेसळ थोड्या अवधीत बंद पाडता येते, हा यातील बोध होय. आपल्या देशात हळदीत लेड क्रोमेट मिसळण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे.

या भेसळीचे मूळ पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या आवडीत असते. अधिक पिवळी ती अधिक चांगली, अशी समजूत असल्यामुळे व्यापाऱ्यास रंग लावण्याचा मोह होतो. खरे हळकुंड बाहेरून मळकट पिवळे असते. त्याचा खरा रंग मोडल्यावर आत दिसतो.

घरी साधी परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. पेलाभर पाण्यात अख्खे हळकुंड टाकून न ढवळता ठेवावे. पाण्यात लगेच गडद पिवळा रंग उतरू लागल्यास वरून रंग लावल्याचा संशय घ्यावा. पुडीसाठी पेलाभर पाण्यात एक चमचा पूड टाकावी. शुद्ध पूड तळाशी बसते व वरचे पाणी फिकट पिवळे राहते. भेसळीच्या पुडीने पाणी गडद पिवळे होते. मेटॅनिल यलो या दुसऱ्या घातक रंगाची परीक्षा तीव्र आम्लाने करतात. ती शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. हळदीत चुना मिसळून लाल रंग येतो यावरून ती शुद्ध ठरत नाही, कारण थोडी हळद असली तरी तो रंग येतोच. घरगुती परीक्षेने सर्व भेसळ ओळखता येत नाही. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे कळवावे.

वर्षाची हळद घरची

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घरच्या शेतातील हळद घरासाठी राखून ठेवणे. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी दररोज २ ग्रॅम धरल्यास वर्षाला सुमारे साडेतीन किलो पूड लागते. पाच किलो ओल्या हळदीपासून सुमारे एक किलो वाळलेली हळद मिळते. म्हणजे अठरा ते वीस किलो ओली हळकुंडे बाजूस काढली की वर्षाची बेगमी झाली. ज्यांच्याकडे हळदीचे शेत नाही, त्यांनी परसात दोन लहान वाफे केले तरी चालते.

काढणीनंतर हळकुंडे मातृकंदापासून मोडून वेगळी करावीत, स्वच्छ धुवावीत व दोन-तीन दिवसांच्या आत शिजवावीत. हळकुंडे बुडतील एवढेच पाणी घालून पाऊण ते एक तास उकळावे. पाण्यास फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटला व गवताची बारीक काडी हळकुंडात सहज शिरली की शिजणे पूर्ण झाले असे समजावे. कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ होते व जास्त शिजलेल्याचा रंग बिघडतो. पाण्यात सोडा किंवा कोणताही रंग घालू नये.

शिजलेली हळद स्वच्छ ताडपत्रीवर किंवा फरशीवर पातळ पसरून दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवावी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती थेट पसरू नये. रात्री झाकून ठेवावी, दवाने ती काळवंडते. वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज होतो. मग ती गोणपाटात घालून घासावी, म्हणजे वरील साल निघून जाते. एकदम सर्व पूड न करता दोन-तीन महिन्यांपुरतीच दळावी व उरलेली हळकुंडे कोरड्या डब्यात ठेवावीत. गिरणीत दळण्यापूर्वी थोडे तांदूळ दळून जाते स्वच्छ करून घ्यावे. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

काढणीच्या सुमारास गावात एक बैठक बोलवावी. तीत पेलाभर पाण्याची परीक्षा सर्वांदेखत करून दाखवावी व प्रत्येक घरातून आलेली पूड तपासावी. महिला मंडळास किंवा बचत गटास सामाईक दळणाची कल्पना सुचवावी. शुद्ध पुडीला गावातच गिऱ्हाईक मिळते. आशा कार्यकर्तीस बरोबर घेऊन नाळ, श्वानदंश, सर्पदंश व दीर्घ खोकला या चार गोष्टी स्पष्टपणे सांगाव्यात. आजीबाईच्या बटव्याची थट्टा करू नये. घरातील वृद्ध स्त्रियांचा अनुभव मानाने ऐकून घ्यावा आणि बटवा कोठे पुरतो व दवाखाना कोठे लागतो हे त्यांच्याच तोंडून इतरांस कळेल असे करावे. सुनेला पटावयाचे असेल तर ते आधी सासूला पटलेले बरे.

सारांश

१. आहारात माणशी सुमारे २ ग्रॅम हळद पुरेशी आहे. ती तेलात, परंतु करपू न देता घालावी.

२. घसा, मुका मार व किरकोळ खरचटणे यांवर हळद आराम देते. गंभीर आजारावर ती औषध नव्हे.

३. श्वानदंश, सर्पदंश, नवजाताची नाळ, डोळे व भाजणे यांत हळद वापरू नये व वेळ घालवू नये.

४. अर्काच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

५. अति पिवळ्या, चकचकीत हळदीच्या मोहात पडू नये.

६. अठरा ते वीस किलो ओली हळकुंडे घरासाठी राखावीत.

हळदीचा व्यापार करणाऱ्यास ती पोत्याच्या भावाने मोजता येते. शेतकऱ्याच्या घरात तिचे मोल वेगळे आहे. स्वतः पिकविलेली, स्वतः शिजविलेली व वाळविलेली हळद मुलांच्या ताटात पडते तेव्हा तिच्या शुद्धतेविषयी कोणास विचारावे लागत नाही. येत्या काढणीस बाजारात पोती जाण्यापूर्वी घरची पाटी प्रथम भरून घ्यावी.